विश्लेषण : विद्युतचुंबकीय गादीवर झोपून गुडघेदुखी जाते का? ‘पीईएमएफ’ उपचारांचं विज्ञान आणि बाजार

रील्स पाहता पाहता एक दृश्य हल्ली बऱ्याच जणांच्या फोनवर येतं. एखादा जिम ट्रेनर जाड गादीवर डोळे मिटून पडलेला असतो, गादीतून निघालेली वायर एका डब्याला जोडलेली असते आणि डब्यावर आकडे लुकलुकत असतात. खाली ओळ असते, ‘औषध नाही, सुई नाही, फक्त पेशी रीचार्ज होतात’. पुढच्या रीलमध्ये पासष्टीच्या आजी जिना चढून दाखवतात. त्यानंतर येते किंमत. छोटी पट्टी काही हजारांत मिळते, अंगभर गादी लाखाच्या घरात जाते आणि ‘आजच बुक केलं तर’ सवलत असते.

या उपकरणांना ‘पीईएमएफ’ म्हणतात. पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड, म्हणजे ठरावीक अंतराने झटक्याझटक्याने सोडलेलं विद्युतचुंबकीय क्षेत्र. हा प्रकार सरसकट थोतांड म्हणावा, तर त्याच्या एका उपयोगाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९७९ मध्येच मान्यता दिली आहे. सरसकट खरा मानावा, तर जाहिरातीतल्या निम्म्याहून अधिक दाव्यांचा त्या मान्यतेशी काही संबंध नाही. घोळ होतो तो या दोन टोकांच्या मध्ये.

नेमकं तंत्र काय आहे?

तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ती वीज सतत चालू-बंद किंवा कमी-जास्त केली की क्षेत्रही बदलत राहतं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहक वस्तूत वीज निर्माण करतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी वापरते. शेगडीत क्षेत्र जोरकस असतं आणि समोर लोखंडी भांडं असतं, म्हणून भांडं तापतं. पीईएमएफच्या गादीत क्षेत्र खूपच क्षीण असतं आणि समोर असतं शरीर. शरीरात क्षार आणि पाणी असल्याने ते थोडंफार वीजवाहक आहे. त्यामुळे स्नायू, हाड, कूर्चा यांच्यात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. तो बहुतेक वेळा जाणवतही नाही.

फिजिओथेरपिस्टकडे लावतात ती सगळीच ‘मशीन’ एक नव्हेत, हेही लक्षात घ्यायला हवं. ‘टेन्स’ आणि ‘आयएफटी’मध्ये त्वचेवर पॅड चिकटवून थेट वीज दिली जाते आणि मुंग्या आल्यासारखं वाटतं. शॉर्टवेव्ह डायथर्मी उच्च वारंवारितेच्या लहरींनी आतून शेक देते. चुंबकाची कडी, पट्टे, बुटात घालायचे तळवे यांत तर वीजच नसते. ते स्थिर चुंबक असतात आणि स्थिर चुंबक शरीरात वीज निर्माण करत नाही. अशा चुंबकांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वेदना कमी करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो, असं त्यात दिसलं नाही. तरीही विक्रेते पीईएमएफचे शोधनिबंध दाखवून चुंबकाचे पट्टे विकतात, हा या बाजारातला सर्वांत जुना हातखंडा.

आकड्यांतला फरकही पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला इतकं असतं. घरगुती गाद्यांमधलं क्षेत्र बहुतेकदा याच पातळीपासून काहीशे मायक्रोटेस्लापर्यंत जातं. हाडं जुळवण्यासाठी वापरली जाणारी उपकरणं मिलिटेस्लाच्या आसपास, म्हणजे हजार मायक्रोटेस्लाच्या घरात काम करतात. एमआरआयचा चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा असतो, म्हणजे त्याच्याही हजार-दोन हजार पट. या सगळ्याला एकच नाव देऊन ‘पीईएमएफ काम करतं का’ असं विचारणं म्हणजे ‘गोळी काम करते का’ असं विचारण्यासारखं आहे. कोणती गोळी, कशासाठी आणि किती, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सुरुवात झाली हाडांपासून

जपानमध्ये इवाओ यासुदा आणि एइची फुकादा यांनी १९५७ मध्ये दाखवलं की हाडावर दाब आला की त्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. हाडावर भार पडतो तिथे ते मजबूत होतं आणि भार नसेल तिथे झिजतं, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. मग या दोन गोष्टींत विजेचा दुवा असेल का? तसं असेल तर न जुळणाऱ्या हाडाला बाहेरून वीज देऊन जागं करता येईल का? न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे अस्थिशल्यचिकित्सक अँड्र्यू बॅसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार पुढे नेला. शस्त्रक्रिया न करता, प्लास्टरवरून वेटोळं बांधून पायात वीज निर्माण करण्याची पद्धत त्यांनी सत्तरच्या दशकात रुग्णांवर वापरली. १९७९ ची एफडीएची मान्यता याच कामासाठी होती. अनेक महिने उलटूनही न जुळलेली हाडं, ज्यांना डॉक्टर ‘नॉन-युनियन’ म्हणतात, एवढ्यापुरतीच ती मर्यादित होती.

ही अट किती काटेकोर असते हे अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेवरून कळतं. ‘मेडिकेअर’ अशा उपकरणाचा खर्च देते, पण किमान ९० दिवसांच्या अंतराने काढलेल्या एक्स-रेंमध्ये हाड जुळण्याची काहीच प्रगती नाही, हे दाखवावं लागतं. शिवाय उपचार म्हणजे दहा मिनिटं गादीवर पडणं नव्हे. बॅसेट यांच्या पद्धतीत रोज दहा-दहा तास आणि तेही महिनोन्महिने वेटोळं बांधून ठेवावं लागे. आज जाहिरातीत ‘दिवसातून दोनदा आठ मिनिटं’ असं सांगितलं जातं, तेव्हा पुरावा म्हणून दाखवलेला अभ्यास आणि विकली जाणारी वस्तू यांतलं अंतर आपोआप समोर येतं.

शेफील्डमधले सोळा रुग्ण

बॅसेट यांचे निकाल उत्साहवर्धक होते, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उणीव भरून काढायचं ठरवलं. नडगीचं हाड न जुळलेल्या रुग्णांपैकी काहींना चालू यंत्र दिलं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण बंद यंत्र. कोणाकडे कोणतं आहे हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरलाही नाही. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे सुरुवातीचे निकाल आले. चालू यंत्राच्या ९ पैकी ५ जणांचं हाड जुळलं. बंद यंत्राच्या ७ पैकीही ५ जणांचं जुळलं!

सोळा रुग्ण म्हणजे फारच कमी. त्यावरून यंत्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. पण या छोट्याशा चाचणीने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. दोन्ही गटांच्या पायाला प्लास्टर होतं आणि पायावर भार देऊ नका असं दोघांनाही सांगितलं होतं. महिनोन्महिने पाय नीट स्थिर राहिला, हेच अनेकांसाठी पुरेसं ठरलं असावं. यंत्र नसतं तर कदाचित इतकी शिस्त कोणी पाळलीच नसती.

शेफील्डमधलेच डब्ल्यू. जे. डब्ल्यू. शेरार्ड यांनी १९९० मध्ये थोडी मोठी चाचणी प्रसिद्ध केली. यात हाड जुळायला उशीर होत असलेले ४५ रुग्ण होते. यावेळी निकाल यंत्राच्या बाजूने लागला. शल्यचिकित्सकांच्या तपासणीनुसार चालू यंत्राच्या २० पैकी ९ जणांचं हाड जुळलं, बंद यंत्राच्या २५ पैकी फक्त ३ जणांचं. त्यानंतर मात्र चित्र पुन्हा धूसर झालं. ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांनी नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरच्या २५९ रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये आली. रोज दहा तास यंत्र वापरायला सांगूनही पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाच्या ताज्या फ्रॅक्चरवर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीतही वेगळं काही हाती लागलं नाही. न जुळणाऱ्या लांब हाडांवरच्या चार चाचण्या आणि १२५ रुग्ण एकत्र करून ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०११ मध्येच आढावा घेतला. कल उपचाराच्या बाजूने होता, पण तो निव्वळ योगायोग नाही, असं छातीठोकपणे सांगण्याइतका आकडा भक्कम नव्हता.

मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट आणखी बोलकी आहे. मणके एकमेकांशी जुळावेत म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, ते जुळण्याची शक्यता कमी असलेल्या रुग्णांसाठी एफडीएने २००४ मध्ये एका पीईएमएफ उपकरणाला मान्यता दिली. ३२३ रुग्णांच्या त्या चाचणीत सहा महिन्यांनंतर उपकरण वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांचे मणके जुळले होते, न वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांचे. फरक लक्षणीय होता. बाराव्या महिन्यापर्यंत मात्र दुसरा गटही बराच जवळ येऊन पोहोचला. आणि दुखण्याचं काय? त्यात दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. एक्स-रे सुधारणं आणि माणसाला बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे जाहिरातीत कधीच सांगितलं जात नाही.

जाता जाता : शेफील्डच्या त्याच बार्कर यांनी १९८५ मध्ये डोक्याबाहेर ठेवलेल्या वेटोळ्यातून जोरकस चुंबकीय झटका देऊन मेंदूला चेतना देता येते, हे दाखवलं. त्यातून ‘टीएमएस’ हे तंत्र जन्मलं आणि २००८ मध्ये नैराश्यावरील उपचार म्हणून एफडीएने त्याच्या उपकरणाला परवानगी दिली. टीएमएसमधलं क्षेत्र टेस्लाच्या पातळीचं असतं आणि उपचार मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतात. ‘एफडीएने नैराश्यासाठी पीईएमएफ मान्य केलं’ असं लिहून काही विक्रेते गादी विकतात, ते या नात्याच्या जोरावर. नातं खरं असलं, तरी गादी म्हणजे टीएमएस नव्हे.

गुडघेदुखीचं काय?

बहुतेक ग्राहकांना हाड जुळवायचं नसतं, त्यांना गुडघ्याच्या झिजेतून सुटका हवी असते. इथे पुरावा हाडांपेक्षा वेगळा आहे आणि थोडा आशादायकही. कॉक्रेनने २०१३ मध्ये संधिवातातल्या झिजेवर, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, विद्युतचुंबकीय उपचारांच्या ९ चाचण्या तपासल्या. त्यात एकूण ६३६ रुग्ण होते. ० ते १०० च्या मोजपट्टीवर चालू यंत्राच्या गटाची वेदना बंद यंत्राच्या गटापेक्षा सरासरी १५ अंकांनी अधिक कमी झाली. हे नगण्य नाही. रोजच्या हालचालींमध्ये, म्हणजे उठणं-बसणं-चालणं यांत मात्र ठोस सुधारणा दिसली नाही.

मग डॉक्टरांच्या संघटना काय म्हणतात? इथे दोन मोठ्या संस्थांचा सूर जुळत नाही. अमेरिकेच्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या वेदनेसाठी पीईएमएफ ‘वापरायला हरकत नाही’ अशा अर्थाची शिफारस केली, पण पुराव्याला ‘मर्यादित’ असा दर्जा दिला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठी विजेवर चालणाऱ्या उपचारांची एक यादीच दिली आणि पुरेसा पुरावा नसल्याने हे उपचार देऊ नका, असं सांगितलं. त्या यादीत टेन्स आहे, आयएफटी आहे, अल्ट्रासाउंड आहे आणि पीईएमएफचा जवळचा भाऊबंद असलेली पल्स्ड शॉर्टवेव्हही आहे. याच यंत्रांवर आपल्याकडच्या अनेक फिजिओथेरपी दवाखान्यांचा निम्मा वेळ जातो, हे बघता ही यादी तिकडच्यापेक्षा इकडे जास्त चर्चेत यायला हवी होती.

असं दुमत होण्याचं कारण चाचण्यांच्या स्वरूपात आहे. एका चाचणीत यंत्र रोज दोन तास लावलं जातं, दुसऱ्यात अर्धा तास. एकात क्षेत्र मायक्रोटेस्लाचं, दुसऱ्यात मिलिटेस्लाचं. वारंवारिता एका सेकंदाला काही झटक्यांपासून थेट २ कोटी ७१ लाखांपर्यंत. बहुतेक चाचण्या पन्नास-साठ रुग्णांच्या आणि काही आठवड्यांच्या. त्यातून ‘अमुक मात्रेने अमुक फायदा’ असं सूत्र निघत नाही.

आणि मग आहे मनाचा भाग. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला पोहोचल्यावर, आणि टोकाला पोहोचलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याचदा आपसूकच उतरतं. त्यात रोज अर्धा तास शांत पडून राहणं, कोणीतरी विचारपूस करणं आणि हजारो रुपये मोजल्यावर ‘बरं वाटलंच पाहिजे’ ही भावना. बंद यंत्र घेतलेल्या रुग्णांनाही बरं वाटतं ते यामुळे. म्हणूनच ‘माझ्या आईला फरक पडला’ ही कमेंट खोटी नसते, पण तो फरक यंत्रामुळेच पडला हे त्यातून सिद्ध होत नाही. क्षीण क्षेत्राच्या उपकरणात काही जाणवत नसल्याने चालू आणि बंद यंत्राची प्रामाणिक तुलना तरी करता येते. क्लिनिकमधल्या जोरकस यंत्रांत स्नायू उडताना दिसतात, तिथे आपलं यंत्र चालू आहे हे रुग्णाला लगेच कळतं. त्यामुळे जी यंत्रं सर्वांत प्रभावी वाटतात, त्यांचीच परीक्षा घेणं सर्वांत अवघड.

तुलनेसाठी व्यायामाचा आकडा पाहू. गुडघ्याच्या झिजेवर जमिनीवर करायच्या व्यायामांचा कॉक्रेनने २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात वेदनेची माहिती ४४ चाचण्यांमधून आली होती आणि वेदनेतला फरक सरासरी १२ अंकांचा होता. २०२४ मध्ये हा आढावा अद्ययावत झाला तेव्हा फायदा आणखी माफक असू शकतो, असं दिसलं. म्हणजे व्यायामही जादू नाही. पण त्यामागे हजारो रुग्णांची माहिती आहे, त्याने हालचाल सुधारते आणि मांडीचे स्नायू बळकट करायला लाखाची गादी लागत नाही.

शस्त्रक्रिया आणि खेळ

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर काही लक्षवेधी निकाल आहेत. स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर २४ महिलांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालू यंत्राच्या गटाला अफूवर्गीय वेदनाशामकं निम्म्याहून कमी लागली. जखमेतल्या द्रवात दाह वाढवणारा एक रेणूही कमी आढळला. चोवीसच रुग्ण, हे इथेही विसरता येत नाही. या प्रकारातली, उच्च वारंवारितेची छोटी चिकटपट्टी अमेरिकेत २०१७ पासून टाचदुखी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी चिठ्ठीविना विकायला परवानगी आहे.

खेळाडूंच्या ‘रिकव्हरी’बाबत सांगण्यासारखं फार नाही. कडक व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, त्यावर निरोगी तरुणांच्या लहान गटांवर काही प्रयोग झाले आणि काहींत दुखणं थोडं लवकर उतरलं. ते दोन-चार दिवसांत तसंही उतरतंच. धावण्याचा वेग किंवा ताकद वाढते, असं ठामपणे सांगणारा पुरावा नाही.

नासा, नोबेल आणि ७.८३

जाहिरातींमध्ये तीन गोष्टी हमखास येतात.

पहिली म्हणजे ‘नासाने सिद्ध केलेलं तंत्र’. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधले थॉमस गुडविन यांचा २००३ चा एक अहवाल आहे, तो खरा आहे. पण त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेतापेशींवर बदलत्या विद्युतचुंबकीय क्षेत्राचा काय परिणाम होतो, हे पाहिलं होतं. पेशी भांड्यात होत्या. त्यात ना कोणाचा गुडघा होता ना कंबर.

दुसरी गोष्ट नोबेलची. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं ते पेशींच्या आवरणातल्या एकेका आयन-मार्गिकेचं काम कसं चालतं, हे दाखवल्याबद्दल. पेशीला विद्युतदाब असतो हे खरं, म्हणून गादीवर झोपल्याने पेशी मोबाइलसारखी ‘चार्ज’ होते, हे नोबेल समितीने कुठेही म्हटलेलं नाही. पेशी आपला विद्युतदाब अन्नातून मिळालेल्या ऊर्जेवर स्वतःच राखते.

तिसरी सर्वांत लोकप्रिय. ‘पृथ्वीचं चुंबकत्व कमी होतंय, माणसात चुंबकत्वाची कमतरता आहे आणि आमची गादी पृथ्वीची नैसर्गिक ७.८३ हर्ट्झची लय परत देते.’ पृथ्वीचं क्षेत्र गेल्या २०० वर्षांत सरासरी नऊ टक्क्यांनी क्षीण झालं, हे बरोबर आहे. त्याच्या नोंदींचा एक मोठा वारसा महाराष्ट्रातच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं आणि तिथे ते आजही चालू आहे. पण विषुववृत्ताजवळ हे क्षेत्र ध्रुवांजवळच्या क्षेत्राच्या जेमतेम निम्मं असतं. कमी चुंबकत्वाने माणूस आजारी पडत असता तर केरळमधले लोक नॉर्वेतल्या लोकांपेक्षा त्यामुळे कायम आजारी दिसले असते. ‘चुंबकत्वाची कमतरता’ नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. ७.८३ हर्ट्झ ही शूमान अनुनादाची वारंवारिता आहे. विजा कडाडल्याने जमीन आणि आयनांबर यांच्या पोकळीत उमटणारी ही लहर असते, आणि तिची चुंबकीय तीव्रता पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी भागांतला एक भाग असते. गादीतलं क्षेत्र तिच्यापेक्षा कोट्यवधी पट मोठं. त्याला ‘नैसर्गिक’ म्हणणं म्हणजे लाउडस्पीकरच्या भिंतीला पाखराची किलबिल म्हणण्यासारखं आहे.

‘रक्तातल्या लोहाला चुंबक खेचतो, रक्ताभिसरण वाढतं’ हाही जुना दावा. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. तसं असतं तर एमआरआयच्या बोगद्यातून कोणी जिवंत बाहेर आलं नसतं.

पेशींवर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. कॅल्शियम आणि नायट्रिक ऑक्साइडशी निगडित संदेशवहन, दाह कमी करणारे अॅडेनोसिनचे ग्राहक, हाड घडवणारी प्रथिनं यांच्यावर ठरावीक मात्रेचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. इटलीतल्या फेरारा विद्यापीठात यावर अनेक वर्षं काम झालं. मात्र भांड्यातली पेशी आणि साठीतला गुडघा यांच्यामध्ये मोठा पल्ला आहे.

‘एफडीए’ या शब्दाची जादू

पाकिटावर ‘एफडीए रजिस्टर्ड’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने अमेरिकेत आपलं नाव नोंदवलं आणि शुल्क भरलं. दुकान नोंदवलं म्हणून दुकानातला माल चांगला ठरत नाही, तसंच हे. ‘क्लिअर्ड’ म्हणजे आधीपासून बाजारात असलेल्या एखाद्या उपकरणाशी हे पुरेसं मिळतंजुळतं आहे, असं मान्य झालं. ‘अप्रूव्ह्ड’ म्हणजे सुरक्षितता आणि उपयोग यांचा पुरावा तपासून मिळालेली मंजुरी. हाडांच्या उपकरणांना मिळाली ती ही तिसरी. आणि कोणतीही परवानगी मिळते ती विशिष्ट उपकरणाला, विशिष्ट आजारासाठी. ती तंत्राच्या नावाने सगळ्यांना वाटून घेता येत नाही.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. कमी जोखमीच्या ‘अ’ आणि ‘ब’ गटांतल्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक जोखमीच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना घेणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं. म्हणजे एखादं उपकरण आजारावर उपचार करतं असा दावा असेल, तर लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक हवा. विचारल्यावर ‘हे वेलनेस प्रॉडक्ट आहे, परवाना लागत नाही’ असं उत्तर मिळालं, तर मग मधुमेह आणि संधिवात बरा करण्याची भाषा तिथे येते कशी, हा पुढचा प्रश्न. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अर्धांगवायू, संधिवात ही नावं आहेत, आणि या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायलाच बंदी आहे.

धोका कोणाला?

निरोगी माणसाला क्षीण क्षेत्राच्या उपकरणांपासून गंभीर इजा झाल्याचं चाचण्यांमध्ये फारसं दिसलेलं नाही. पण पेसमेकर, हृदयाला झटका देणारं बसवलेलं उपकरण, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्शुलिन पंप असलेल्यांनी यापासून दूर राहायला हवं. बदलतं चुंबकीय क्षेत्र त्या यंत्रांच्या कामात अडथळा आणू शकतं. घरात एकाने गादी घेतली की सगळे आळीपाळीने तिच्यावर झोपतात, आणि पेसमेकर असलेले आजोबाही त्यातच असतात. गरोदर महिलांवर पुरेसा अभ्यास नसल्याने त्यांनाही नको असंच सांगितलं जातं. कर्करोगाच्या रुग्णांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

दुसरा धोका विजेचा नाही, वेळेचा आहे. रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, सोबत ताप किंवा वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचं नियंत्रण सुटणं ही लक्षणं घेऊन तीन महिने गादीवर झोपणारा माणूस ते तीन महिने गमावतो.

आणि तिसरा पैशाचा. शहरातल्या सोसायट्यांमध्ये आणि तालुक्याच्या गावात मंगल कार्यालयात ‘मोफत थेरपी शिबिर’ लागतं. ज्येष्ठांना महिनाभर रोज बोलावून यंत्रावर बसवलं जातं. ‘आई, आज कसं वाटतंय?’, ‘काका, काल आला नाहीत!’ अशी आपुलकीची चौकशी होते. घरी कोणी इतकं विचारत नाही. शेवटच्या आठवड्यात यंत्राची किंमत सांगितली जाते आणि इतके दिवस फुकट बसल्याच्या संकोचाने मुदत ठेव मोडली जाते. मुलांना कळतं तेव्हा शिबिर पुढच्या गावी गेलेलं असतं.

यंत्र वापरून पाहायचंच असेल, तर ते फिजिओथेरपिस्टकडे ठरावीक सत्रांपुरतं आणि व्यायामाच्या जोडीने वापरता येतं. सुरुवातीलाच दुखण्याला दहापैकी गुण देऊन ते लिहून ठेवावेत आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावेत. विकतच घ्यायचं असेल तर परवाना क्रमांक, क्षेत्राची तीव्रता, रोजचा वेळ आणि नेमकं याच मॉडेलवर झालेली चाचणी या चार गोष्टी लेखी मागाव्यात. वस्तू परत करण्याची अट बिलावर असावी, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर नको.

रील करणाऱ्यांवरही आता नियम आहेत. आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता आणि मोबदल्याचं नातं उघड करावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना बिल, पाकिटाचा फोटो आणि रीलचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवावा. स्क्रीनशॉट आधीच काढलेला बरा, कारण तक्रार गेल्यावर रील काढून टाकायला वेळ लागत नाही.